थेंबाने डोळा लाल होतो, मग प्रेशरही वाढतं का?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

डॉक्टर, मी ६३ वर्षांचा आहे, सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. उभा जन्म टॉवेलच्या कारखान्यात माग चालवण्यात गेला, आता घरीच असतो. मागच्या दिवाळीत चष्म्याचा नंबर काढायला गेलो आणि काचबिंदू निघाला. प्रेशर एका डोळ्यात २८, दुसऱ्यात २६. तेव्हापासून रात्री लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचा. आता प्रेशर १७ वर आलंय म्हणतात. पण रात्रीचा थेंब सुरू झाल्यापासून डोळे लालभडक. सकाळी कट्ट्यावर गेलो की मंडळी विचारतात, "काल जरा जास्त झाली का?" मी माळकरी माणूस, कुणाकुणाला सांगत बसू? मुलानं मोबाइलवर वाचून सांगितलं की या औषधानं डोळ्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात. मग माझं साधं गणित असं: शिरा फुगल्या म्हणजे रक्त जास्त, रक्त जास्त म्हणजे दाब जास्त. दाब कमी करायचं औषधच दाब वाढवतंय की काय? बीपीच्या दोन गोळ्या रात्री झोपताना घेतो, बीपी १२०-७० असतं. मग डोळ्याचंच प्रेशर कसं वाढलं? मधे दहा-बारा दिवस रात्रीचा थेंब बंद ठेवला होता. मेडिकलवाल्यानं एक दुसरा ड्रॉप दिला, त्यानं डोळा एका दिवसात पांढराशुभ्र झाला. तोच चालू ठेवू का? बाकी तब्येत बरी आहे. दोन-तीन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते आणि रात्री खोकला येतो, पण ते कापसाच्या धुळीमुळे असणार.

उत्तर

काका, नमस्कार. तुमच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं मी आधी घेते. 'बाकी तब्येत बरी आहे' म्हणून तुम्ही ज्यावर बोळा फिरवलात, तीच मला या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते.

टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे. बीपी आणि हृदयासाठी याच गटातल्या गोळ्या देतात. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहतो असा आपला समज असतो, पण पापणीच्या आतल्या जागेत जेमतेम पाव थेंब मावतो. उरलेला गालावर ओघळतो किंवा डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात उतरतो. नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथून औषध थेट रक्तात जातं, आणि गोळीसारखं आधी यकृतातून जात नसल्यामुळे त्याचा जोर टिकून राहतो. असं रक्तात गेलेलं टिमोलॉल श्वासनलिका आवळू शकतं आणि नाडीही मंद करू शकतं. दमा किंवा छातीचा जुना आजार असलेल्या माणसाला ते देऊ नये, असा स्पष्ट नियम आहे.

आता तुमचं बघा. अनेक वर्षं सुताची धूळ छातीत गेलेली. थेंब दिवाळीनंतर सुरू झाले, धाप त्यानंतरची. धुळीमुळेच लागायची तर ती कारखान्यात असताना लागायला हवी होती, घरी बसल्यावर नवीन कशी लागली? कदाचित हृदयाचं काही असेल, कदाचित खरोखर छातीचंच असेल. पत्रावरून मी निदान करणार नाही. पण टिमोलॉलवर माझा पहिला संशय आहे. तेव्हा पुढचा टिमोलॉलचा थेंब टाकण्याआधी तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि 'मला धाप लागते, मी मागावर काम केलंय' हे दोन्ही सांगा. बहुतेक वेळा पहिल्या भेटीत ते सांगायचं राहून गेलेलं असतं. चष्म्याच्या नंबरासाठी आलेल्या माणसाला छातीबद्दल कोण विचारतो? फोन लागला नाही तर एखादा थेंब चुकल्यानं डोळ्याचं फारसं बिघडत नाही. रात्रीचा मात्र चुकवू नका. आणि बसल्या जागी दम लागला, छातीत शिट्टी वाजायला लागली, चक्कर आली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वाट न बघता सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, थेंबांच्या बाटल्या खिशात घालून.

आणखी एक. बीपीच्या त्या दोन गोळ्या कोणत्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाकिटावर अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असं शेवटी 'लॉल' येणारं नाव असेल तर एकाच गटाचं औषध तुम्ही तोंडानंही घेताय आणि डोळ्यातूनही. डोळ्यांच्या डॉक्टरांना बीपीची गोळी माहीत नसते आणि बीपीच्या डॉक्टरांना थेंब. दोघांच्या मधला निरोप्या पेशंटच असतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. खरं सांगू, तुमचं गणित मला आवडलं. उत्तर चुकलंय, पण मांडणी विचार करून केलेली आहे.

डोळ्याचं प्रेशर रक्ताचं नसतं. बुबुळाच्या मागे एक मांसल कडं आहे, ते पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार करत असतं. तासाला जेमतेम तीन-चार थेंब. हा द्रव डोळ्याच्या पुढच्या भागात खेळतो आणि बुबुळ व पारदर्शक पडदा जिथं मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपतो. जाळीच्या पलीकडे एक सूक्ष्म नळी, आणि तिथून तो डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या शिरांमध्ये, म्हणजे शेवटी रक्तात मिसळतो. जेवढं तयार होतं तेवढं बाहेर गेलं तर प्रेशर साधारण १० ते २१ मध्ये राहतं. जाळी घट्ट होत गेली की निचरा मंदावतो, तुमच्यासारखं २८ होतं, आणि डोळ्यामागची, बघण्याची नस हळूहळू मरते; हाच काचबिंदू. अश्रूंशी, म्हणजे आपण रडतो त्या पाण्याशी, या द्रवाचा संबंध नाही. ते बाहेरून वाहतं.

लॅटानोप्रॉस्ट काय करतं? ते डोळ्यातल्या स्नायूंच्या तंतूंमधली जागा सैल करून द्रवाला बाहेर पडायची दुसरी वाट मोकळी करतं. जाळी आहे तशीच राहते, बाजूची वाट रुंद होते. प्रेशर साधारण पाव ते एक तृतीयांशानं उतरतं आणि एक थेंब पूर्ण दिवसभर पुरतो. पण हेच औषध डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ अस्तरातल्या रक्तवाहिन्यांनाही सैल करतं, त्या रुंदावतात, रक्तानं भरतात, आणि कट्ट्यावरच्या मंडळींना बोलायला विषय मिळतो. या रक्तवाहिन्या डोळ्याच्या बाहेरच्या कातड्यावर आहेत. त्या कितीही भरल्या तरी आतल्या द्रवाच्या हिशोबात काही पडत नाही. बघणाऱ्या नसेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत, पार मागे, आणि आरशात त्या कधीच दिसत नाहीत.

तुमच्या गणिताचा एक धागा मात्र खरा आहे, तो सांगते. द्रव शेवटी ज्या शिरांमध्ये उतरतो, त्या शिरांमधला दाब वाढला तर डोळ्याचं प्रेशर खरोखर वाढतं. पाणी सोडायचं तिथंच दाटी झाली तर निचरा होणार कसा? म्हणून काचबिंदूच्या माणसाला आम्ही शीर्षासन करू नका म्हणतो. डोकं खाली, पाय वर केले की प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. श्वास रोखून जड ओझं उचलणं, गळ्याशी आवळलेली कॉलर, पालथं झोपणं यानंही ते थोडंबहुत चढतं. पण लॅटानोप्रॉस्टनं वरच्या अस्तरातल्या शिरा रुंद होतात. रुंद झाली म्हणजे दाब वाढलाच, असं होत नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा नव्या औषधांच्या एका गटात आहे. जपानमध्ये २०१४ साली रिपासुडिल आणि अमेरिकेत २०१७ च्या अखेरीस नेटारसुडिल नावाचे थेंब मंजूर झाले. आता ते आपल्याकडेही लिहून देतात. नेटारसुडिलनं जवळपास निम्म्या लोकांचे डोळे लाल होतात, लॅटानोप्रॉस्टपेक्षाही जास्त. आणि गंमत अशी की हेच औषध त्या निचऱ्याच्या शिरांमधला दाब खाली आणतं! डोळा लाल, शिरेचा दाब कमी, डोळ्याचं प्रेशरही कमी. उलट टोकाला ब्रिमोनिडीन. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून टाकल्यावर डोळा काही तास पांढरा दिसतो, आणि प्रेशरही उतरतं. (काही महिन्यांनी काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी येते, तेव्हा डोळा खाजतो, लाल होतो, ते प्रकरण वेगळं.) म्हणजे रंग दोन तऱ्हेचे, प्रेशर दोन्हीकडे उतरलेलं. रंगावरून प्रेशर कळत नाही. ते कळायला मोजावंच लागतं. तुमचं मोजलं तर १७ भरलं, म्हणजे औषधं काम करताहेत.

आणि तिसरी तऱ्हा, डोळा पांढराशुभ्र आणि प्रेशर वाढलेलं. मला भीती आहे की मेडिकलवाल्यानं तुमच्या हातात तेच दिलंय.

डोळा एका दिवसात पांढरा करणारे थेंब दोन प्रकारचे मिळतात. एक नॅफॅझोलिनसारखे, रक्तवाहिन्या आवळणारे. काही तास डोळा छान दिसतो, असर गेला की आधीपेक्षा जास्त लाल होतो, मग माणूस पुन्हा टाकतो, आणि हे चक्र सुटत नाही. ज्यांच्या डोळ्यातला तो निचऱ्याच्या जाळीचा कोपरा अरुंद असतो त्यांना यानं बाहुली मोठी होऊन एकदम प्रेशर चढायचाही धोका असतो. दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन यातलं एखादं नाव आहे का, ते आजच मुलाला वाचायला सांगा. बऱ्याचदा ते अँटिबायोटिकच्या जोडीनं, दुसऱ्याच नावाच्या बाटलीत असतं. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे टाकले तर साधारण तिघांतल्या एकाचं प्रेशर वाढतं, आणि ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त. ती निचऱ्याची जाळी आणखी घट्ट होते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा आरशात सुंदर दिसतो, आणि आत नस जळत असते. हे थेंब चिठ्ठीशिवाय विकायचेच नाहीत असा कायदा आहे. तो आपल्याकडे किती पाळला जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. असले थेंब वर्षानुवर्षं टाकून दृष्टी घालवलेली तरुण पोरं मी पाहिली आहेत, म्हणून माझा आवाज जरा चढला असेल तर समजून घ्या.

तर तो ड्रॉप नको. थोडेच दिवस टाकला असेल तर बंद करा, बाटली मात्र फेकू नका, डॉक्टरांना दाखवा आणि प्रेशर पुन्हा मोजून घ्या. तुमचं १७ हे त्या ड्रॉपच्या आधीचं की नंतरचं, ते पत्रात नाही. आधीचं असेल तर त्यावर विसंबू नका.

बीपीचा प्रश्न. बीपी आणि डोळ्याचं प्रेशर ही दोन वेगळी प्रेशरं आहेत. एक नॉर्मल असून दुसरं वाढू शकतं, तुमचं तसंच झालं. पण दोघांचं एका जागी भांडण लागतं, आणि ती जागा म्हणजे मागची नस. तिथं रक्त पोचायचं तर बीपीला डोळ्याच्या प्रेशरवर मात करून आत शिरावं लागतं. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं? खालच्या घरात बादली भरते, तिसऱ्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसतो. नळाचा जोर म्हणजे बीपी आणि मजल्याची उंची म्हणजे डोळ्याचं प्रेशर. उंची कमी करायचं काम थेंब करतात. पण जोरच कमी पडला तर थेंब नीट टाकूनही वर पाणी चढत नाही.

हा जोर रात्री कमी होतो. झोपेत सगळ्यांचंच बीपी खाली येतं. त्यात रात्री झोपताना बीपीच्या दोन गोळ्या घेतल्या तर काही लोकांत ते पहाटे फारच उतरतं, आणि त्याच वेळी आडवं झोपल्यामुळे डोळ्याचं प्रेशर दिवसापेक्षा जास्त असतं. दोन्ही बाजूंनी नसेची कोंडी. अशा लोकांमध्ये प्रेशर आटोक्यात असूनही काचबिंदू पुढे सरकतो असं अनेक अभ्यासांत दिसलंय. संध्याकाळच्या टिमोलॉलचाही इथं फार उपयोग नाही. झोपेत द्रव तयार होणं आपोआपच निम्म्यावर येतं, त्यामुळे तेव्हा ते औषध काही फार कमी करू शकत नाही, बीपी मात्र थोडं आणखी उतरवू शकतं. म्हणून फिजिशियनना विचारा की एक किंवा दोन्ही गोळ्या सकाळी घेतल्या तर चालतील का. विचारा म्हणतेय, स्वतःहून बदलू नका, आणि बंद तर मुळीच करू नका. वाढलेलं बीपी मेंदूला आणि मूत्रपिंडाला जे करतं ते डोळ्यापेक्षा भयंकर आहे. पहाटे उठल्यावर चक्कर येते का, अंधारी येते का, तेही त्यांना सांगा. चोवीस तास बीपी मोजणारा पट्टा मिळतो, त्यात रात्रीचं सगळं उतरतं.

आता लालीचं काय करायचं. लॅटानोप्रॉस्टची लाली सहसा पहिल्या काही आठवड्यांत जास्त असते आणि पुढे निवळते. तुम्ही मधे दहा-बारा दिवस बंद करून पुन्हा सुरू केलं असेल, तर ती निवळायची वेळ तुम्हीच पुढे ढकललीत. याच गटातल्या बायमॅटोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट या भावंडांपेक्षा लॅटानोप्रॉस्ट डोळा कमी लाल करतं, म्हणजे तुम्हाला दिलेलं त्यातलं सौम्यच आहे. कधी कधी दोष औषधाचा नसून बाटलीत घातलेल्या जंतुनाशकाचा असतो. ते नसलेले थेंबही येतात, किंमत जास्त पडते. डोळे कोरडे असतील तरी लाली वाढते. पापण्यांचे केस लांब होणं, पापणीची कातडी काळवंडणं हेही याच औषधाचं, घाबरू नका. आणि थेंब नकोच असतील, टिमोलॉलही बंद करावं लागलं, तर लेझरबद्दल विचारा. निचऱ्याच्या जाळीवर काही मिनिटांत करतात, कापाकापी नाही. ब्रिटनमध्ये केलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यात नव्यानं निदान झालेल्या आणि आधी लेझर केलेल्या लोकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय होते. जाळीचा तो कोपरा उघडा असेल तरच हे लागू पडतं; तुमचा आहे की नाही ते डॉक्टरांच्या केसपेपरवर लिहिलेलं असेल.

एका लालीला मात्र थांबायचं नाही. डोळा लाल आणि सोबत जोरात दुखतोय, डोकं फुटतंय, मळमळतंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, नजर धूसर झाली, तर त्याच तासाला डोळ्यांच्या दवाखान्यात, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

थेंब टाकायची पद्धत पत्रात नाही, पण बहुतेकांची चुकते म्हणून लिहिते. मान मागे, खालची पापणी ओढून एकच थेंब. दोन टाकले म्हणून दुप्पट काम होत नाही, दुसरा नाकात जातो. मग डोळा अलगद मिटा, मिचकावू नका, आणि नाकाशेजारचा कोपरा बोटानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा. त्यानं औषध रक्तात जाणं निम्म्याहून कमी होतं. कुठलाही थेंब असला तरी ही सवय ठेवा. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या.

लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि उघडलेलीही २५ अंशांच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत किती तापतं ते तुम्ही जाणताच, तेव्हा उघडली तरी फ्रीजच्या दारातच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, सहा आठवड्यांनी टाकून द्या, तळाशी औषध उरलं असलं तरी. बाहेरच्या तापमानाला टिकणारे ब्रँडही आहेत. पंढरपूरला पायी जात असाल तर ते लिहून मागा. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन टाकू नका, नेहमीच्या वेळी एकच.

प्रेशर १७ झालं म्हणून थेंब कमी करावेत का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते मनात असणार, नाहीतर दहा-बारा दिवस बंद केले नसते. थेंब आहेत म्हणून १७ आहे. स्वीडनमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की प्रेशर जेवढे अंक उतरतं, त्या प्रत्येक अंकामागे आजार पुढे सरकायचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. तुम्ही नऊ ते अकरा अंक उतरवलेत. गेलेली नजर परत येत नाही, औषधही ती आणत नाही, म्हणून माणसाला वाटतं की काही फरक पडत नाही. फरक दिसत नाही हेच तर मिळालेलं असतं. वर्षातून एकदा-दोनदा नजरेचा घेर मोजायची तपासणी होते ना, तिचे जुने आणि नवे कागद एकत्र ठेवा.

तुमच्या भावंडांना आणि चाळिशी गाठलेल्या मुलांना प्रेशर आणि नस तपासून घ्यायला सांगा. सख्ख्या नात्यात हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. मोबाइलवर वाचून तुम्हाला सांगणाऱ्या मुलापासूनच सुरुवात करा, आणि जाताना त्याला त्या मेडिकलच्या ड्रॉपची बाटलीही सोबत न्यायला सांगा.